पाण्याला घरात घेणारी माणसं

आज मनन करायचं ते एका बेटाचं. घाई नको. एक परिच्छेद वाचावा, थांबावं, डोळे मिटून ते चित्र उभं राहू द्यावं आणि मगच पुढे जावं. वाचनाला लागेल त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा.

आधी जागा मनात आणू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नॉर्थ कॅरोलायना राज्य. त्याच्या मुख्य भूमीपासून बरंच बाहेर, अटलांटिक महासागराच्या तोंडावर, वाळूच्या लांबट बेटांची एक रांग आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. त्या रांगेतलं ओक्राकोक हे आपलं बेट. लांबी सुमारे २५ किलोमीटर, रुंदी मात्र फारच कमी. एका अंगाला महासागर, दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड नावाचं विस्तीर्ण, उथळ पाणी. दक्षिणेच्या टोकाला बेट थोडं रुंद होतं, तिथे एका लहान बंदराभोवती गाव वसलं आहे. २०२० च्या जनगणनेत इथे ८०० सुद्धा माणसं नव्हती. मुख्य भूमीहून पूल नाही. बहुतेक सगळे फेरीबोटीनेच येतात आणि जातात.

आता मनातल्या मनात त्या पुळणीवर उभे राहा. तळपायांकडे लक्ष न्या. खाली कातळ नाही. सगळं बेट वाळूचं आहे, आणि वाळू सतत हलते आहे. लाट मागे फिरताना टाचेखालची वाळू कशी सरकते, ते आपल्यातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर अनुभवलेलं असतं. इथे अख्खं गाव तशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलं आहे.

मग ते वाहून कसं गेलं नाही? हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मोठ्या वादळात समुद्राच्या लाटा अशा बेटावर चढतात आणि आरपार जातात. जाताना पुढच्या बाजूची वाळू उचलतात आणि मागच्या उथळ पाण्यात नेऊन पसरतात. त्या नव्या वाळूवर खारं गवत रुजतं, गवत आणखी वाळू धरतं आणि मागे नवी जमीन तयार होते. पुढून झीज आणि मागून भर. समुद्राची पातळी वाढत जाते तसं बेट मुख्य भूमीच्या दिशेने हळूहळू सरकतं आणि सरकत राहतं म्हणूनच टिकतं. जी लाट बेटाची पुळण खाते, तीच बेटाला मागे जागा करून देते.

या वाक्यापाशी जरा थांबा. खाणारी आणि घडवणारी लाट एकच. लगेच आपल्या आयुष्यातलं उदाहरण शोधायला जाऊ नका. आधी वाळू आणि पाणी एवढंच डोळ्यांसमोर राहू द्या.

आता माणसं येऊ देत. बेटाच्या दक्षिणेला ओक्राकोकचं मुख आहे. महासागरातून साउंडमध्ये शिरण्याची ही वाट, पण तळाची वाळू इथे सारखी जागा बदलते. परक्या जहाजाला ती कळणं शक्य नव्हतं. म्हणून १७१५ मध्ये इथल्या ब्रिटिश वसाहतीच्या विधिमंडळाने या मुखाशी वाटाडे वसवण्याचा कायदा केला. जहाजावर चढायचं, पाण्याचा रंग आणि लाटांची मोड पाहून खोल वाट ओळखायची, जहाज सुखरूप आत आणायचं हे त्यांचं काम. १७५९ मध्ये विल्यम हॉवर्ड नावाच्या माणसाने हे अख्खं बेट १०५ पौंडांना विकत घेतलं. त्याचे वंशज अजून गावात राहतात. हॉवर्ड स्ट्रीट नावाची वाळूची एक अरुंद गल्ली आजही आहे. तिच्यावर सदाहरित ओकच्या वाकड्या फांद्या झुकलेल्या असतात आणि कडेने घराण्यांच्या लहान लहान दफनभूमी आहेत. माणसं आपल्या माणसांना कुंपणाशीच ठेवून राहतात. १८२३ साली बांधलेलं पांढरं दीपगृह अजून रोज रात्री उजळतं.

या गावातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यातून सावकाश फिरून या. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच वर्षभर पुरवायचं. नळाचं पाणी आलं ते थेट १९७० च्या दशकात. यॉपॉन नावाच्या रानझुडपाची पानं वाळवून, भाजून त्याचा चहा करायचा. अंजिराची झाडं अंगणात लावायची, त्यांच्या बुंध्याशी कालवांच्या शिंपा टाकायच्या. त्या अंजिरांचा केक हा बेटाचा मानाचा पदार्थ. साउंडमध्ये जाळी टाकायची, शिंपल्या काढायच्या, वारा कुठून सुटला ते पाहून दिवस ठरवायचा. १९४२ च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने बेडफर्डशायर ही ब्रिटिश बोट जवळच बुडवली. वाहत आलेल्या चार खलाशांना गावाने आपल्या जमिनीत जागा दिली. दर मे महिन्यात तिथे आजही मानवंदना होते. समुद्राने जे आणून टाकलं ते आपलं मानायचं, ही या गावाची रीत.

आणि आता मननाच्या गाभ्याशी येऊ. एक जुनं लाकडी घर मनात आणा. बाहेर चक्रीवादळ आहे, पाणी अंगणात आलं आहे, पायरीला लागलं आहे. अशा वेळी ओक्राकोकची जुनी माणसं काय करत? दारं घट्ट लावून घेत नसत. ती दारं उघडत, आणि घरातल्या जमिनीच्या फळ्या उचकटून किंवा कुऱ्हाडीने भोक पाडून पाणी आत घेत. कारण साधं होतं. बंद लाकडी घर पाण्यावर होडीसारखं उचललं जातं आणि पायावरून सुटून वाहून जातं. आत पाणी भरलं की त्याच्या वजनाने घर जागेवर बसून राहतं. घरातली माणसं माळ्यावर चढून बसत. ओहोटी लागली की पाणी आलं त्याच वाटेने निघून जाई. मग गाळ काढायचा, भिंती धुवायच्या, फळी परत ठोकायची.

हे दृश्य पुन्हा एकदा, आणखी सावकाश पाहा. आपल्याच घराची जमीन फोडणारा तो हात पाहा. त्या हातात हार नाही. घरावर माया आहे आणि पाण्याची पक्की ओळख आहे. काय भिजू द्यायचं आणि काय वाहून जाऊ द्यायचं नाही, याचा निवाडा आधीच झालेला आहे. बेट जे वाळूने करतं, तेच त्या माणसाने फळी उचलून केलं.

याच्या उलटही झालं. १९३० च्या दशकात आउटर बँक्सवर मोठी सरकारी मोहीम निघाली. कामगारांनी मैलोन्‌मैल कुंपणं रोवली, गवत लावलं आणि समुद्राला अडवणारी वाळूची उंच भिंत उभी केली. तिच्या आडोशाने पुढे रस्ते झाले, घरं झाली. पण लाट आत येईना, म्हणून मागे वाळूही जाईना. भिंत बांधलेली बेटं पुढून झिजत राहिली आणि मागून भरेनाशी झाली. शेजारचं कोअर बँक्स हे मोकळं सोडलेलं बेट लाटांखाली जात होतं आणि पुन्हा सावरत होतं. संशोधकांनी दोन्हींची तुलना केल्यावर १९७० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने ही भिंत राखण्याचं धोरण सोडलं. तरीही रस्ता राखायचा म्हणून वाळू लोटण्याचं काम आजवर चालूच आहे. रस्ता हवा तर बेट अडतं, बेट सरकू द्यावं तर रस्ता जातो. या पेचाला सोपं उत्तर नाही. तो पेच तसाच मनात धरून ठेवा.

आता मुखाच्या पलीकडे पाहा. तिथे पोर्ट्समथ आहे. १७५३ मध्ये वसवलेलं हे गाव मोठ्या जहाजांचा माल उथळ होड्यांवर उतरवण्यावर जगत होतं. ते कष्ट गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांनीही उपसले, हे विसरता येणार नाही. १८६० मध्ये तिथे ६८५ माणसं होती. पण १८४६ च्या सप्टेंबरात एका वादळाने उत्तरेला नवं, खोल मुख उघडलं होतं आणि जहाजं हळूहळू तिकडे वळली. गावाचं काम गेलं, मग तरुण गेले. शेवटच्या काळात हेन्री पिगॉट हा गुलामांच्या वंशातला माणूस टपालाच्या बोटीपर्यंत आपली होडी वल्हवत नेई आणि गावाची पत्रं आणी. १९७१ मध्ये तो वारला आणि उरलेल्या दोन वृद्ध स्त्रियांनी त्याच वर्षी बेट सोडलं. फळ्या उचलून घरं वाचली, पण गाव वाचलं नाही. पाणी घरात घेता येतं, पण जहाजांची वाट परत आणता येत नाही. हेही या मननात आलं पाहिजे. तरी चर्च, शाळा, टपालघर जपून ठेवलं आहे, आणि तिथल्या घराण्यांची मुलं-नातवंडं ठरलेल्या वर्षी होड्यांनी जमतात, प्रार्थना करतात, एकत्र जेवतात.

पुन्हा ओक्राकोकला या. ६ सप्टेंबर २०१९ ला डोरियन वादळ आलं. पाणी महासागराकडून नव्हे, मागून, साउंडकडून आलं आणि फार थोड्या वेळात गावात भरलं. ज्या घरांत कधी पाणी शिरलं नव्हतं, त्यांतही शिरलं. त्यानंतर अनेक घरं खांबांवर उंच उचलली गेली. जुन्या काळी पाणी आत घेत, आता खालून जाऊ देतात. तऱ्हा बदलली, पण पाण्याला वाट ठेवायची हे बदललं नाही. याच गावाने २००६ मध्ये मासळी विकत घेणारी बेटावरची शेवटची जागा बंद पडू नये म्हणून मच्छीमारांची संघटना उभी केली आणि ती जागा वाचवली. पर्यटकांच्या पैशावर पोट भरलं असतं. पण जाळं टाकणारे हात गेले असते तर पाणी ओळखणारी माणसंही गेली असती.

आता स्वतःकडे या. ज्याला तुम्ही आपलं घर म्हणता ते सगळं समोर आणा : नाती, काम, शरीर, गाव. येणारं पाणी कोणत्या दाराशी आहे? वय, आजार, मुलांचं दूर जाणं, धंद्याची बदललेली वाट. तुम्ही कोणतं दार गच्च लावून बसला आहात? कोणती एक फळी उचलता येईल? उत्तर लगेच सुचलं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र टाळू नका.

या मननातून एक काम निघतं, ते मात्र करा. आपल्याकडे मालवणजवळ देवबाग आहे. ते बेट नाही, करली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी आहे. तिथेही पुळण झिजते आणि धूपप्रतिबंधक बंधारा घालूनही काळजी संपत नाही. पुढच्या वेळी कोकणात जाल तेव्हा नुसते फोटो काढून परतू नका. गावातल्या एखाद्या आजी-आजोबांशेजारी बसा आणि विचारा, पाणी कुठवर आलं होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत, काय भिजू दिलंत आणि काय वाचवलंत. जे सांगतील ते लिहून ठेवा. वाळूवर कसं राहायचं हे ज्ञान फार थोड्या माणसांपाशी उरलं आहे, आणि समुद्र चढतो आहे.