सोळाची सळई

चाकणजवळ एका सात मजली इमारतीचं काम चाललं होतं. माल शेठचा, मजुरी ठेकेदारांची. सळईकाम एका जुन्या फिटरकडे होतं. त्याचा भाव टनावर ठरलेला, आणि टन मोजायचा तो गाडीतून उतरलेल्या मालाचा.

पार्किंगच्या कॉलमला सोळा मिलिमीटरची सळई ४.२ मीटर लागे. बाजारात ती मिळते १२ मीटरची. दोन नग निघत, ३.६ मीटर उरे. एका सळईमागे साडेपाच किलोहून जास्त लोखंड भंगारात!

शेठने फिटरला झापलं, दंड लावला, वॉचमन बसवला. भंगार घटेना. घटेल कसं? माल जितका जास्त उतरेल तितकी मजुरी जास्त, हा हिशोब शेठनेच लिहून दिला होता.

नवी इंजिनिअर आली. ती एका दुपारी कटिंगच्या बाकड्याशी जाऊन उभी राहिली.

"मिस्त्री, हे तुकडे कुठे लागतील का?"

"लागतील की. बीमच्या टोकाला वरून १.८ च्या जादा सळया पडतात. एका तुकड्यात दोन."

"मग वापरत का नाही?"

"बीमचं ड्रॉइंग हापिसातून येतं कॉलम भरल्यावर. तोवर तुकडे टेम्पोत गेलेले असतात. आणि मॅडम, आजवर विचारलं कुणी?"

दोन्ही ड्रॉइंगं एकदम मिळवायला तिला हापिसाशी बरंच भांडावं लागलं. शेठशी त्याहून जास्त. तिचं म्हणणं सरळ होतं: मजुरी ड्रॉइंगमधल्या वजनावर द्या, आणि तूट तीन टक्क्यांच्या आत राहिली तर वाचलेल्या पैशातला अर्धा फिटरला.

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" शेठ म्हणाले. पण भंगाराच्या पावत्या समोर होत्या. सही झाली.

फिटर आता कापण्याआधी खडूने फरशीवर जुळणी मांडू लागला. ते पाहून गवंड्यानेही तोंड उघडलं: प्लंबर गिलाव्यानंतर येतो, भिंत फोडतो, राडारोडा आम्ही उचलतो. प्लंबर आधी बोलावला गेला. एवढंच.

पुढच्या इमारतीच्या वेळी शेठने फिटरला भाव विचारला.

"भावाचं नंतर बघू," फिटर म्हणाला. "आधी कॉलम-बीमची ड्रॉइंगं एकत्र दाखवा. नसतील तयार, तर मी पुढच्या आठवड्यात येतो."