बाणाचे पीस

बाणाला पीस लागते हे आपल्याला पुराणांतील चित्रांवरून ठाऊक असते. ते पीस येते कोठून, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. खासबागेतील एका विणकराच्या घरचा तरुण तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. त्याला धनुर्विद्येचा छंद आहे आणि बाण विकत न घेता स्वतः घडवावेत अशी त्याची हौस. अमेरिकेतील हौशी धनुर्धर रानटर्कीच्या पंखातील पिसे चिरून बाणांना लावतात, असे त्याने वाचले होते. आपल्याकडे रानटर्की नाही. मोर मात्र शिवारात येतो आणि पावसाळा सरताना पिसे टाकून जातो. ती उचलून वापरली तर चालेल काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते.

प्रथम कारागिरी समजून घेतली पाहिजे, कारण प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे. बाणाच्या मागील टोकाशी लावलेले पीस वारा अडविते आणि त्यामुळे बाण सरळ जातो. पंखातील पिसाला नैसर्गिक वळण असते. त्या वळणाने बाण स्वतःभोवती फिरतो आणि त्याची दिशा अधिक स्थिर होते. म्हणून एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातील असावी लागतात. डाव्या पंखाची व उजव्या पंखाची पिसे मिसळली की बाण बिघडला. पिसाचा दांडा उभा चिरावयाचा, आतील मऊ गर खरवडून काढावयाचा, पट्टी डिंकाने चिकटवून दोन्ही टोके दोऱ्याने आवळावयाची. (दोऱ्याची उणीव खासबागेत पडण्याचे कारण नाही.) आज प्लास्टिकची पाती मिळतात, पण लाकडी धनुष्याला घासून जाताना पीस दबते आणि पुन्हा उभे राहते, प्लास्टिक मात्र आपटून बाणाला बाजूला ढकलते. तेव्हा ही हौस अगदीच पोकळ नाही.

आपल्या पूर्वजांना हे सारे माहीत होते. महाभारतात बाणांना कंकपत्र, गार्ध्रपत्र अशी विशेषणे येतात, ती कंक व गिधाड या पक्ष्यांच्या पिसांवरूनच. वासिष्ठ धनुर्वेद म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड इत्यादींची पिसे चांगली म्हटली असून ती चार असावीत व स्नायूच्या तंतूंनी बांधावीत असे सांगितले आहे. त्या श्लोकांत माप आहे, संख्या आहे. पीस पक्ष्याकडून कसे घ्यावे याविषयी अक्षर नाही.

आता कायदा. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान मिळाले. १९८६ साली त्या कायद्यात व्यापारबंदीचे एक प्रकरण घालण्यात आले, आणि त्याच्या बंदीतून मोराच्या शेपटीचे पीस व त्यापासून केलेल्या वस्तू वगळण्यात आल्या. (पक्षिशास्त्रज्ञ म्हणतील की मोराचा पिसारा ही त्याची शेपूट नव्हेच, ती शेपटीवरची आच्छादक पिसे होत. कायदे करणाऱ्यांनी तेवढी चिकित्सा केली नाही, आणि सुदैवाने न्यायालयातही ती कोणी फारशी काढीत नाही.) परंतु पिसाऱ्याचे डोळेदार पीस बाणाला निरुपयोगी, त्याचे तंतू सुटे असतात, वारा अडवीत नाहीत. बाणाला हवे ते पंखातील तांबूस पीस, आणि सवलत आहे ती शेपटीच्या पिसाला! शिवाय याच कायद्यानुसार अशी वस्तू जवळ सापडली तर ताबा बेकायदेशीर असल्याचे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर.

म्हणून आम्ही त्यास सांगितले की मोराच्या पंखाचे पीस उचलू नकोस. पाळीव टर्कीची पिसे विकत मिळतात, ती घे. तो क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे वकीलकाका, कापलेल्या पक्ष्याचे पीस चालते, आणि मोराने आपण होऊन टाकलेले चालत नाही?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हे. कायद्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतही १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांचे गळलेले पीससुद्धा जवळ ठेवण्यास मनाई आहे. स्त्रियांच्या टोप्यांसाठी पक्ष्यांची जी कत्तल चालली होती तिच्या अनुभवातून ती आली. रानटर्की त्या कायद्यात येत नाही, म्हणून तेथील धनुर्धर तिच्याकडे वळतो. गळलेले पीस व उपटलेले पीस बाजारात शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही सारखीच सुंदर दिसतात. उचलणाऱ्याचे निर्मळ मन पिसाबरोबर गिऱ्हाइकाकडे जात नाही. कायदा अंतःकरण पाहू शकत नाही, म्हणून तो वस्तूवर बंदी घालतो. आमच्या मते ते योग्यच आहे.

पण त्या तरुणाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. कायद्याने दिलेली मोकळीक म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे. टर्कीचे पीस विकत घेणाऱ्याने ते एका मारलेल्या जिवाचे आहे हे जाणूनच घ्यावे; पावती हातात आहे म्हणून ती जाणीव पुसली जात नाही. स्वतः बाण घडविणाऱ्याला निदान आपले पीस कोणाचे हे ठाऊक असते, तयार बाण घेणाऱ्याला तेही नसते. आमच्या दृष्टीने त्याच्या हौसेचे खरे मोल येथे आहे.

या बाबतीत आपल्याच भागातील दिगंबर जैन समाजाकडे पाहावे. मुनींच्या हातातील पिच्छी मोराने स्वतः टाकलेल्या पिसांचीच असावी असा त्यांचा दंडक आहे. बसण्यापूर्वी जमिनीवरील सूक्ष्म जीव हळुवार बाजूला सारावयाचे ते साधन. ते मिळविताना जीव दुखावला तर साधन व हेतू यांचा मेळच राहात नाही. चातुर्मास संपल्यावर पिच्छी समारंभपूर्वक बदलतात, तेव्हा पिसांचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

आणि आपली देवळे? देवावर ढाळावयाचे मोरचेल आपण बाजारातून आणतो. शेपटीच्या पिसाला सवलत असल्याने कायद्याची अडचण नाही, आणि अडचण नाही म्हणून कोणी चौकशीही करीत नाही. वास्तविक गळलेल्या पिसाचे बूड कोरडे व स्वच्छ असते, उपटलेल्याच्या बुडाशी रक्ताचा अंश राहू शकतो. कापून नीट केलेल्या बुडावरून तर काहीच कळत नाही, आणि मोरचेलाच्या मुठीत ते बूड झाकलेलेच असते. तुपात भेसळ आहे काय हे पाहणारे विश्वस्त आम्ही पाहिले आहेत. नवे मोरचेल घेताना मूठ बांधण्यापूर्वीची पिसे दाखवा, असे दुकानदारास म्हणणारा अद्याप आढळला नाही. नवरात्रापूर्वी खरेदीची यादी होते, तेव्हा ही एक ओळ तिच्यात घालण्यास खर्च काही नाही.