न बोलण्याची नीति

सुशिक्षित मराठी घरांत एक नीतिनियम असा पाळला जातो कीं, जो कोणत्याहि स्मृतींत लिहिलेला नाहीं, जो कोणी कोणास शिकवीत नाहीं, आणि तरीहि जो मोडण्याचें धैर्य फार थोड्यांस होतें. तो नियम म्हणजे न बोलण्याचा. ज्या पुरुषाचें मन पुरुषावर जडतें, ज्या स्त्रीला स्त्रीच आपली जन्माची सोबतीण वाटते, किंवा मुलगा म्हणून बारसें झालें असूनहि जिला आपण स्त्री आहों हें लहानपणापासून ठाऊक आहे, अशा माणसांविषयीं घरांतलें मत विचारलें तर तें आतां पूर्वीइतकें कठोर राहिलेलें नाहीं. 'असतील कोणी तसे. आमचें कांहीं म्हणणें नाहीं. मात्र वाच्यता नको,' असें उत्तर येतें. हें उत्तर देणारास आपण उदार आहों असें मनापासून वाटतें. आणि शिवीगाळ करणारापेक्षां तो बरा, हेंहि खरेंच. प्रश्न एवढाच कीं, हें मौन खरोखर उदार आहे काय? त्याची किंमत कोणी तरी देत असेल, तर ती कोण देतो?

कायद्याची हकीकत थोडक्यांत सांगणें पुरे. १८६० सालच्या दंडसंहितेंत इंग्रजांनीं ३७७ वें कलम घातलें. त्यांचें राज्य गेलें तरी तें कलम आपल्याकडे आणखी सत्तर वर्षें सुखानें नांदलें. खुद्द इंग्लंडनें मात्र आपल्या घरचा तसला कायदा १९६७ सालींच बराचसा सैल केला होता. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं प्रौढांच्या राजीखुषीच्या खासगी संबंधांपुरतें तें कलम रद्द ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तो निकाल फिरविला. आणि त्याच न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं ६ सप्टेंबर २०१८ रोजीं आपल्या आधींच्या निकालावर पाणी सोडलें. या माणसांचीच नव्हे, तर त्यांच्या कुटुंबांचीहि इतिहासानें क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचें न्यायमूर्ति इंदु मल्होत्रा यांनीं त्या वेळीं लिहिलें. त्यांत कुटुंबांचा उल्लेख आहे, हें आम्हांस विशेष वाटतें.

२०१३ च्या निकालांतील एक मुद्दा येथें मुद्दाम आठवण्यासारखा आहे. अशा लोकांची संख्या अत्यल्प आहे, आणि दीडशें वर्षांत दोनशेंहून कमी माणसांवर या कलमाखालीं खटले झालेले दिसतात, असें त्यांत म्हटलें होतें. आधीं कोणी तोंड उघडूं नये अशी व्यवस्था करावयाची, आणि मग फारसें कोणी बोललें नाहीं म्हणून फारसें कोणाला दुखत नसावें असें अनुमान काढावयाचें, हा न्याय मोठा सोयीचा आहे. २०११ च्या खानेसुमारींत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' असा रकाना प्रथमच आला, आणि त्यांत ४,८७,८०३ माणसें मोजलीं गेलीं. दारांत आलेल्या गणकाला हें उत्तर देण्यासाठीं किती घरांतील कर्त्या माणसाची जीभ उचलली असेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा. समलिंगी प्रेम करणारांना तर रकानाच नव्हता.

वास्तविक हीं माणसें आपणांस अनोळखी नाहींत. पुरुषाच्या देहांत स्त्रीचें सौंदर्य पाहण्याची हौस मराठी समाजाइतकी क्वचितच कोणी केली असेल. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 'मानापमाना'ची भामिनी आणि 'स्वयंवरा'ची रुक्मिणी होऊन रंगभूमीवर येत, तेव्हां कुलीन घरांतील स्त्रिया त्यांचें लुगडें नेसणें आणि केशरचना पाहून घरीं तसें करून पाहत. त्या थोर नटाच्या खासगी आयुष्याशीं आमच्या विवेचनाचा कांहींएक संबंध नाहीं. आम्ही बोलत आहों तें प्रेक्षकांविषयीं. तमाशांतला नाच्या त्यांना चाले. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या नांवानें लुगडें नेसून डोक्यावर देवीचा जग आणि हातांत परडी घेतलेला जोगता दारीं आला, तर कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांतून त्याला जोगवा मिळे आणि त्याच्या पायांवर डोकेंहि ठेवलें जाई. कला म्हणून चालतें, देव म्हणून चालतें, विनोद म्हणून तर फारच चालतें. पण तीच मृदु चाल, तोच हळुवार आवाज पोटच्या मुलाचा असला कीं 'बायल्या' या एका शब्दानें त्याचें बालपण संपतें. हा शब्द प्रथम शाळेंत कानांवर येतो असें आपण समजतों. बहुधा तो घरांतच, एखाद्या काकाच्या थट्टेंतून आलेला असतो.

हिजड्यांच्या बाबतींत तर मौनाचीहि गरज भासली नाहीं. त्यांना घरच नव्हतें, मग घरांत बोलावयाचें काय? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सरकारनें त्यांची नोंद करून त्यांवर पहारा बसविला. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांना आपलें लिंग आपण सांगण्याचा अधिकार मान्य केला. मूल झाल्यावर त्यांचा आशीर्वाद आपणांस हवा असतो, खोली मात्र भाड्यानें द्यावयाची नसते. हीं माणसें आकाशांतून पडत नाहींत. प्रत्येक जण कोणाच्या तरी घरांतून, कोणत्या तरी आईच्या हातचें जेवून, एके दिवशीं बाहेर पडलेला किंवा काढलेला असतो, आणि मग गुरूच्या घरीं त्याला जें नातें मिळतें तें त्याच्या सख्ख्या नातलगांनीं नाकारलेलें असतें.

न बोलण्याच्या नीतीला आव्हान मिळालें नाहीं असें नाहीं. १९२७ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. वाचकांनीं विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांत ते सरळ उत्तरें देत. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांच्या धैर्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु आमचें मन त्या पत्रलेखकांकडे जातें. ज्यांना वाचतां-लिहितां येत होतें, मासिकाची वर्गणी परवडत होती, अशा घरांतलींच तीं माणसें. म्हणजे आपल्याच पणजोबांच्या पिढीचीं. वडील, थोरला भाऊ, घरचे वैद्य, गुरुजी एवढीं माणसें भोंवतीं असतां त्यांना आपल्या मनांतलें कोडें एका अनोळखी संपादकाला लिहून विचारावें लागलें, आणि उत्तर देणाराला न्यायालयांत उभें राहावें लागलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मौनाचा सर्वांत मोठा हप्ता लग्नाच्या वेळीं वसूल होतो. मुलगा अठ्ठावीस-तीस वर्षांचा होतो, स्थळें नाकारतो. आईला कांहीं समजलेलें असतें, वडिलांना समजून घ्यावयाचें नसतें. कोणी तरी वडीलधारें माणूस सांगतें, 'लग्न झालें कीं सारें सुरळीत होतें.' मुलगा शेवटीं होकार देतो. कित्येकदां तो खलबुद्धीनें नव्हे, आईच्या डोळ्यांतलें पाणी पाहवत नाहीं म्हणूनच देतो. या सगळ्या हकीकतींत एका व्यक्तीचा विचार कोणीच केलेला नसतो. ती म्हणजे मांडवांत अंतरपाटापलीकडे उभी असलेली मुलगी. तिच्या माहेरच्यांनीं पत्रिका पाहिली, पगार विचारला, घर पाहिलें. जें विचारावयास हवें होतें तें विचारण्याची रीत नाहीं, आणि ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं सांगितलें नाहीं. वर्षें जातात. आपल्यांतच कांहीं उणें आहे, आपण दिसावयास बऱ्या नाहीं, आपणांस नवऱ्याचें मन राखतां आलें नाहीं, अशी समजूत ती करून घेते. सासूहि पुष्कळदां तीच समजूत दृढ करते.

मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचें सूत्र आमच्या महाविद्यालयांतून शिकविलें जातें. दुसऱ्याची मुलगी आपल्या मुलावर औषध म्हणून घरांत आणणें याहून त्या सूत्राचा स्पष्ट भंग आम्हांस सांगतां येत नाहीं. मुलाचें वय दोन वर्षांनीं कमी सांगितलें तर आपण त्याला फसवणूक म्हणतों, जुनें दुखणें लपविलें तर व्याही न्यायालयांत जातात. आणि हें लपविणें मात्र आईबापांचें कर्तव्य समजलें जातें. मौनानें कोणाचें बिघडत नाहीं असें म्हणणाऱ्यानें त्या मुलीसमोर बसून तें एकदां म्हणून पाहावें.

मुलीचें मन मुलीवर असलें, तर गोष्ट आणखी कठीण होते. मुलाच्या नकाराला निदान नकार म्हणून ओळखलें जातें. मुलीचा नकार लाजाळूपणा ठरतो, शिक्षणाची हौस ठरते, फार झालें तर हट्ट ठरतो. तिला विचारतो कोण? आणि हट्ट मोडण्याची रीत घराघरांत ठरलेली आहे. पुष्कळ जणी म्हणूनच आधीं घर सोडतात आणि मग कारण सांगतात.

मद्रासच्या उच्च न्यायालयापुढें अशाच दोन तरुणींचें प्रकरण आलें होतें. दोघी घर सोडून गेल्या, आईबापांनीं मुली हरवल्याच्या तक्रारी केल्या, पोलिसांचा ससेमिरा चुकविण्यासाठीं त्या न्यायालयांत आल्या. न्यायमूर्ति आनंद वेंकटेश यांनीं निकाल देण्याआधीं जें केलें तें आमच्या मतें निकालाइतकेंच महत्त्वाचें आहे. या विषयांत आपलें ज्ञान अपुरें आहे आणि मनांत पूर्वग्रह आहेत असें त्यांनीं उघड सांगितलें, एका मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर शिकण्यासाठीं बसले, या समाजांतील माणसांशीं बोलले, आणि मग जून २०२१ मध्यें आदेश दिला. अशा वृत्तीवर 'उपचार' करून ती बदलण्याच्या खटाटोपास त्यांनीं बंदी घातली. पुढें २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेंहि असे उपचार करणें हें वैद्यकीय गैरवर्तन ठरविलें. समलिंगी आकर्षण हा रोग नव्हे, हें जागतिक आरोग्य संघटनेनें १७ मे १९९० रोजींच मान्य केलें होतें. तरीहि मुलाला आज एका डॉक्टराकडे, उद्यां अंगारा देणाऱ्याकडे, परवां समुपदेशकाकडे फिरविणारे आईबाप आहेत. या फेऱ्यांत मुलाची वृत्ति बदलत नाहीं. आपण बिघडलेली वस्तु आहों ही खात्री मात्र त्याच्या मनांत पक्की होते, आणि मग तो घरीं हंसतो, जेवतो, सणाला येतो, पण बोलत नाहीं. घरच्यांस वाटतें, बरा झाला.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो घेणारीं माणसें दुष्ट नसतात. 'प्रत्येकाच्या शय्यागृहांतल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? आम्ही आमच्या सांगतों काय?' खरें पाहतां, आपण सांगतों, आणि वाजतगाजत सांगतों. सनई-चौघडा लावून, पांचशें पानें वाढून, अमुक पुरुष व अमुक स्त्री आजपासून एकत्र राहणार हें आपण गांवाला कळवितों. पुढें डोहाळजेवण करून त्याचा परिणामहि कळवितों. नवऱ्याचें नांव उखाण्यांत घेण्याचा आग्रह करणाऱ्या समाजानें खासगीपणाची सबब सांगावी, हें जरा नवलाचें आहे. त्या माणसांना आपल्या शय्येविषयीं बोलावयाचें नसतेंच. ज्याच्याबरोबर दहा वर्षें संसार केला तो आजारी आहे म्हणून आज कचेरींत मन लागत नाहीं, एवढें वाक्य त्यांना पुरें बोलावयाचें असतें.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आईबापांची भीति खोटी नसते. धाकट्या बहिणीचें लग्न अडेल, नातलगांत मान खालीं घालावी लागेल, म्हातारपणीं मुलाला कोण पाहील, या चिंतांची थट्टा आम्ही करणार नाहीं. परंतु या भीतीचें मूळ शोधूं गेलें तर तें पापपुण्यांत सांपडत नाहीं. 'लोक काय म्हणतील' येथें सांपडतें. आणि हे लोक म्हणजे तरी कोण? बहिणीचें स्थळ मोडणारे, समारंभांत कुजबुजणारे, खोली नाकारणारे ते लोक याच मासिकाचे वर्गणीदार असावेत अशी आम्हांस दाट शंका आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्याचें नाकारलें आणि तो प्रश्न कायदेमंडळावर सोपविला. त्यानंतर २०२४ सालीं अशा दोघांनीं एकत्र बँक-खातें उघडण्यास आडकाठी नाहीं असें केंद्र सरकारनें स्पष्ट केलें, आणि शिधापत्रिकेसाठीं त्यांना एकाच घरचीं माणसें समजावें अशी सूचना राज्यांस दिली. म्हणजे सरकारच्या धान्याच्या हिशेबांत तीं दोघें एका घरचीं झालीं. आपल्या घरीं पुढच्या मुहूर्तावर लग्न निघेल, आमंत्रणाच्या याद्या होतील, पाकिटांवर कोणाकोणास 'सहकुटुंब' घालावयाचें याची चर्चा बसेल. यादींत कोठें तरी पुण्यास किंवा मुंबईस एका मित्राबरोबर पुष्कळ वर्षें राहणाऱ्या भाच्याचें नांव असेल. त्याच्या पाकिटावर काय लिहावयाचें, हें तेथें बसलेल्यांपैकीं कोणी तरी विचारील, आणि बाकीचे पुढच्या नांवाकडे वळण्याच्या आधीं त्याला कांहीं तरी उत्तर द्यावें लागेल.