श्रद्धावंताचे पदार्थविज्ञान

विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला असे वाचताच आपण लगबगीने उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखवतो. पिएर द्युएम (१८६१-१९१६) हे फ्रेंच पदार्थवैज्ञानिक निष्ठावंत कॅथलिक होते. पण असला पुरावा त्यांना नको होता. १९०६ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, प्रयोगात एकटे गृहीतक कधीच तपासले जात नाही. उपकरणांमागचे सिद्धान्तही त्याच्यासोबत पणाला लागतात. भाकीत चुकले, तर दोष नेमका कोठे हे प्रयोग सांगत नाही. तेथे शास्त्रज्ञाचा विवेकच कामी येतो. असा सिद्धान्त श्रद्धेचा वैरी ठरू शकत नाही. आणि, हे आपल्याला जड जाते, तिचा साक्षीदारही ठरू शकत नाही. हाती आलेले शस्त्र खाली ठेवणे हाही प्रामाणिकपणाच नव्हे काय?

प्रामाणिकपणाची किंमत द्युएम जाणून होते. बर्थेलो या वजनदार रसायनशास्त्रज्ञाच्या तत्त्वाला छेद देणारा त्यांचा पहिला प्रबंध नाकारला गेला. पॅरिसचे अध्यासन त्यांना कधीच लाभले नाही. १८९४ पासून अखेरपर्यंत ते बोर्दो येथे शिकवत राहिले. मध्ययुगीन विज्ञानाचा त्यांचा दहा खंडांचा इतिहास निम्मा हस्तलिखितातच राहिला होता. कन्या एलेन यांनी चिकाटी सोडली नाही. शेवटचा खंड १९५९ मध्ये निघाला.