काजळ, भुवई आणि निरंजन

भुवई रेखायला खानदेशातल्या बाईला वेगळे द्रव्य लागत नसे. एरंडेलाचा दिवा लावायचा, दोन्ही बाजूंना विटा ठेवून त्यावर तांब्याची थाळी पालथी घालायची आणि रात्रभर धरलेली काजळी सकाळी खरवडून घ्यायची. थेंबभर तूप आणि चिमूटभर कापूर घालून ती बोटाने घोटली की वर्षभराची डबी भरते. अहिराणीत हे ‘काजय’. तेच डोळ्यांत, तेच विरळ भिवईवर, तेच बाळाच्या गालावर तीट म्हणून. धरणगावसारख्या गावात कटलरीच्या दुकानात मिळणारी स्वस्त आयब्रो पेन्सिल याच घराण्यातली आहे. मेण, तेल आणि लोहाच्या ऑक्साइडचा रंग एवढ्यावर ती बनते. भुवई भरायला, पापणीची कड ओढायला आणि हनुवटीवर तीळ काढायला एकच कांडी पुरते.

एकाच द्रव्याचे इतके उपयोग झाले की धर्मविचारापुढे प्रश्न उभा राहतो. पुण्य किंवा दोष द्रव्यात असतो, की ते लावण्यामागच्या हेतूत?

हा पेच भाषेतच आहे. ‘निरंजन’ म्हणजे ज्याला अंजन नाही, डाग नाही असे. हा शब्द परब्रह्मासाठी वापरतात. म्हणजे इथे अंजन हा मळ ठरला. पण एखाद्याला सत्य दाखवून दिले की त्याच्या ‘डोळ्यांत अंजन घातले’ असे मराठी माणूस म्हणतो, आणि गुरूही ज्ञानाच्या अंजनाने शिष्याचा डोळा उघडतो. जे ब्रह्माला नको, तेच ब्रह्म पाहायला हवे. देवापुढचे निरांजन हा शब्द मुळात ‘नीराजन’ म्हणजे ओवाळणे यावरून आलेला, त्याचा निरंजनाशी संबंध नाही. तरी त्या ज्योतीवर थाळी धरली तर काजळच मिळेल.

शास्त्रांत निषेध आहेत आणि विधीही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला डोळ्यांत अंजन घालायची मनाई आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मात्र सौवीरांजन रोज घालावे आणि डोळ्यांतला स्राव निघून जावा म्हणून पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन घालावे, असे सांगितले आहे. एकाला व्रत राखायचे आहे, दुसऱ्याला दृष्टी. जैनांच्या दशवैकालिक सूत्रातही मुनीने वर्ज्य करायच्या गोष्टींत अंजन येते. श्रावकाला तो नियम नाही. बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतात, तेव्हा नाचगाण्याबरोबर माळा, सुगंध आणि विलेपनही सोडतात. तो दिवस सरला की तीच डबी पुन्हा उघडायला हरकत नसते. काजळ अपवित्र असते तर एका दिवसात शुद्ध झाले नसते. इथे सोडायचे असते ते स्वतःच्या रूपात गुंतलेले लक्ष.

इस्लाममध्ये मोजमाप आणखी बारीक आहे. झोपण्यापूर्वी ‘इस्मिद’ सुरमा घालणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, मानली जाते. सौंदर्यासाठी भुवया उपटण्याचा मात्र हदीसमध्ये कडक निषेध आहे. घडलेले रूप बदलणे आणि त्यावर धुऊन जाणारा रंग लावणे, या दोन गोष्टी तिथे एक नाहीत. शिवाय वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा विधी, करताना पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. म्हणून पाणी अडवणारा थर देणारी पेन्सिल वुजूआधी काढावी लागते, आणि उत्पादनाचा ‘वॉटरप्रूफ’ हा गुण पूजेच्या शुद्धतेचा प्रश्न होऊन बसतो.

तेव्हा केवळ हेतू चांगला असून भागत नाही. द्रव्य आणि कृती दोन्ही पाहावी लागतात. बाळाला दृष्ट लागू नये ही माया खरी असते, पण काही सुरम्यांत शिसे असते आणि ते बाळाच्या शरीरात जाते. तान्ह्याच्या डोळ्यांत काहीच घालू नये, असे डॉक्टर सांगतात; तीट गालावर किंवा तळपायावर लावली तरी रूढी पाळली जाते. अहिंसेचे व्रत असणाऱ्याला मेण मधमाशीचे की कार्नौबा झाडाच्या पानांचे, आणि तपकिरी छटेतला लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढलेला आहे का, हे विचारावे लागेल. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी 2014 मध्ये बंद झाली. मेणाचा आणि रंगाचा प्रश्न त्याने मिटलेला नाही.

मग रेखलेली भुवई खोटी ठरते का? धरणगावहून जवळच असलेल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापले ते अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. त्या विचाराप्रमाणे सगळेच नामरूप मायेच्या कक्षेत येते. मग रंगवलेली भुवई आणि जन्मजात भुवई यांत खरेखोटेपणाचा मोठा भेद उरत नाही. लोकधर्माने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. नारळ घ्यायचा, त्याला नाक-डोळे लावायचे, नथ घालायची. कालपर्यंत दुकानातल्या पोत्यात पडलेले फळ घराची आई होते. रोट होतात, रात्र जागवली जाते आणि सोमवारी तिला पाण्यात बोळवतात. गणपतीच्या मूर्तीतही सर्वांत जोखमीचे काम डोळ्यांच्या आखणीचे. तिथे भुवईची रेघ केसभर चुकली तरी भाव बदलतो. या दोन्ही ठिकाणी रेघ काही लपवत नाही. तिच्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष त्या चेहऱ्यावर स्थिरावते.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे. ब्रह्मचारी, मुनी, उपासक काजळ सोडतात ते स्वतः घेतलेल्या व्रतासाठी. विधवेवर घातलेली बंदी याच्या उलट आहे. तिथे व्रत कोणी घेतलेले नसते. नवरा गेला एवढ्याच कारणाने कुंकू, बांगड्या, काजळ तिच्याकडून काढून घेतले जाते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. त्यागाला स्वेच्छा लागते. जिथे ती नाही, तिथे काजळाच्या मनाईला धर्म म्हणता येत नाही.