हौसेचे ओझे

जे काम मनुष्य आपखुशीने पत्करतो, त्या कामात त्याचे शोषण होऊ शकते काय? महाविद्यालयीन एकांकिकांच्या तालमी पाहताना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. तिने मराठी रंगभूमीला किती कलावंत दिले, हे नव्याने सांगावयास नको. परंतु भरत नाट्य मंदिरात तासाभरात संपणाऱ्या प्रयोगामागे कित्येक रात्रींचे जागरण असते आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मजुरी नाही, म्हणून तासही मोजावयाचे नाहीत, असा काहीसा हा व्यवहार आहे.

कष्टांना आमचा आक्षेप नाही. नाटक घाम मागतेच. पण पहाटेपर्यंत चाललेल्या तालमीकडे जरा निरखून पाहावे. दिग्दर्शक तासभर उशिरा येतो, मुख्य नटाचा एकच प्रवेश घोळत बसतो. तोवर पंधरा मुले भिंतीला टेकून पेंगत असतात. नेपथ्याचा आराखडा तिसऱ्यांदा बदलतो आणि ज्यांची नावे टाळ्यांच्या वेळी कोणाला आठवत नाहीत, ती मुले पुन्हा चौकटी ठोकू लागतात. ही रात्र नाटकाने मागितलेली नसते. एका माणसाचा निर्णय होत नाही, त्याची किंमत इतरांच्या झोपेतून वसूल होते.

शिवाय नाही म्हणावयाची सोय नसते. वसतिगृहाचे दार बंद होण्यापूर्वी निघू पाहणाऱ्या मुलीला 'तुझे नाटकावर प्रेमच नाही' असे ऐकावे लागते. प्रेमाची अशी परीक्षा घेणारा दिग्दर्शक बहुधा स्वतःही विशीतलाच असतो. मागच्या तुकडीने त्यालाही असेच राबवलेले असते आणि तो त्यालाच परंपरा समजतो. (परंपरा हा शब्द किती सोयीचा!) त्याला दोष देण्यापूर्वी, तालमीच्या खोलीची किल्ली मुलांच्या हाती देऊन घरी जाणाऱ्या प्राध्यापकांकडेही पाहिले पाहिजे.

२०२२ साली अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मुलांनी आणखी राबावयास हवे होते, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. थकलेल्या डोक्यात संहिता शिरत नाही. तालमीची वेळ फलकावर लिहिलीच जाते. तिच्याशेजारी सुटण्याची वेळही लिहावी, आणि ज्यांचे त्या दिवशी काम नाही त्यांना बोलावूच नये.