कागदी रणगाडा

गेल्या पावसाळ्यात मी पुठ्ठ्याचा एक रणगाडा केला. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत ‘टी-३४’, मूळ आकाराच्या पंचविसाव्या हिश्श्याचा. पोलंडमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या ‘मावी मोदेलाश’ या मासिकाने ज्या कलेची गोडी घरोघरी लावली, तीच ही कला. छापील भाग कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. सर्वांत जिकिरीचे काम साखळपट्ट्यांचे. एका बाजूला ७२ कड्या, दोन्ही मिळून १४४. दोन महिने मोठ्या आनंदात गेले.

काम संपत आले तेव्हा पत्नी म्हणाली, “सुरेख झालाय हो. पण माणसं मारायच्या यंत्रावर इतकी माया?”

मी म्हणालो, याच रणगाड्याने हिटलरच्या फौजा मागे रेटल्या. ते खरेच आहे. पण १९५६ साली बुडापेस्टमधला उठाव चिरडायला जे रणगाडे आले, त्यांतही टी-३४ होतेच. मग वाटले, वस्तू निर्दोष, दोष वापरणाऱ्याचा. तेही पटेना. विळीने बोट कापते, पण विळी भाजीसाठी केलेली असते. तोफेला दुसरे कामच नाही.

उत्तर नाही, पण प्रश्नाचे मूळ मला पुठ्ठ्यातच सापडले. खऱ्या रणगाड्याचे पुढचे चिलखत ४५ मिलिमीटर जाड. पंचविसाव्या हिश्श्याने ते १.८ मिलिमीटर भरते, म्हणजे माझ्या हातातल्या पुठ्ठ्याएवढेच. त्याच्यामागे चालक बसायचा.

अशीच एक चालक होती मारिया ओक्त्याब्रस्काया. पती १९४१ साली युद्धात पडला. ते कळल्यावर तिने घरातल्या चीजवस्तू विकल्या, त्या पैशातून सैन्याला टी-३४ दिला आणि तो आपणच चालवणार, असा हट्ट धरला. तो मान्य झाला. जानेवारी १९४४ मध्ये तुटलेला साखळपट्टा दुरुस्त करायला ती भर माऱ्यात खाली उतरली आणि जबर जखमी झाली. मार्चमध्ये ती गेली. ज्या कड्या चिकटवताना मी कंटाळून चहा मागवीत होतो, त्याच कड्या!

आपली मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात. किल्लाही लढाईचीच वस्तू. पण मावळे मांडल्याशिवाय तो पुरा झाला असे कोणी म्हणत नाही. वाटेवर गवळण असते, विहिरीवर बाई असते. माझ्या रणगाड्यात मात्र चौघांची जागा रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे दोन महिन्यांत माझ्या ध्यानातही आले नव्हते. यंत्राची ओढ हे पाप नव्हे, असे मला अजूनही वाटते. त्याच्या घडणीत माणसाची बुद्धी आहे, कष्ट आहेत. पण त्या नादात आतला माणूस नजरेआड होतो, तिथे चूक सुरू होते.

म्हणून मी कागदाची चार माणसे कापून आत बसवली आणि मग वरचा बुरूज लावला. आता ती दिसत नाहीत.

पत्नीने ते पाहिले आणि तोफेच्या समोरची मोकळी जागा बोटाने दाखवून विचारले, “आणि इथली?”

ती मला अजून करता आलेली नाहीत.